काकासाहेबांचा फेटा टीव्हीवर

काकासाहेब आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. हे खुद्द काकासाहेबांनीच सांगितलेलं आहे. शहागडात हे सांगणारा दुसरा माणूस अजून सापडलेला नाही.

गोदावरीच्या पुलापासून जरा पुढं, हायवेच्या कडेला सिराजोद्दीनभाईंचं सायकलचं दुकान आहे. पाटीवर सायकल आहे, आत सगळ्या मोटारसायकली. दारात एक लाकडी बाकडं, आणि त्या बाकड्यावर रोज संध्याकाळी काकासाहेब. समोर पप्पूचं चहाचं हॉटेल. पप्पूचा चहा पातळ असतो हे सगळ्यांना माहीत आहे, तरी गिऱ्हाईक हटत नाही, कारण चहाबरोबर काकासाहेब फुकट मिळतात.

तरुणपणी काकासाहेब सायकलवर फार हिंडले, एवढं सगळ्यांना मान्य आहे. पुढचं त्यांच्या तोंडचं. एकदा म्हणे ते जालन्याला मस्तगडात बहिणीकडं निघाले, तर पाठीमागून असं वारं सुटलं की ब्रेकचं रबर झिजून गेलं पण सायकल काही थांबेना. बहीण दारात हात हलवत राहिली आणि हे देऊळगाव राजाला जाऊन टेकले. एकदा गोदावरीचं पाणी पुलावरून चाललं होतं, दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा लागल्या होत्या, आणि काकासाहेब अशा वेगात पार झाले की चाकं भिजलीच नाहीत.

"चाकं न्हाई भिजली, मंग धोतर कसं काय भिजल्तं?" सिराजभाई विचारायचे.

"ते घामानं," काकासाहेब शांतपणे सांगायचे.

अशा माणसाचा मुलगा परदेशात गेला, हे एक बरं झालं. कल्याण बेल्जियमला यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागला होता. बायको तृप्ती आणि लेक राजनंदिनी तिकडंच. त्यानं एप्रिलात आईबापाला महिनाभरासाठी बोलावलं आणि फोनवर सांगितलं, "आप्पा, इकडं सायकलची शर्यत म्हंजे आपल्याकडचा बैलांचा शंकरपटच. लाखानं लोक येऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात. एका शनिवार-रविवारी आपण सगळेच जाऊ बघायला."

काकासाहेबांनी फोन ठेवला, चप्पल घातली आणि थेट बाकडं गाठलं. बाकड्यावर पोचेपर्यंत निमंत्रण वाढलं होतं.

"मला झेंडा दाखवायला बोलावून राह्यले तिथले लोक," ते म्हणाले.

सिराजभाई एका चाकाचा नट काढत होते. त्यांनी पाना खाली ठेवला. पाना खाली ठेवून बोलायची त्यांची सवय नव्हती, म्हणून पप्पूनंही किटली खाली ठेवली.

"काकासाहेब, आज एकदाचं ठरवून टाकू," सिराजभाई म्हणाले. "ती शर्यत टीव्हीवर दिसती. माझा पोरगा इजहार ती पप्पूच्या हॉटेलात लावून देईल. तुम्ही आम्हाला टीव्हीत दिसले, तर आजवरच्या तुमच्या समद्या गोष्टी खऱ्या. मी स्वतः ह्या बाकड्यावर उभा राहून सांगतो. अन् न्हाई दिसले, तर दिवाळीपर्यंत इथं तोंड उघडायचं न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"चहा प्यायला उघडा. बोलायला न्हाई."

पप्पू मध्ये पडला. "चाचा, लाखभर लोकांत काकाला ओळखायचं कसं? तिथं माणूस तिळाएवढा दिसत असंल."

"माझा गुलाबी फेटा," काकासाहेब म्हणाले. "कल्याणच्या लग्नातला. जुन्या जालन्यातून आणलेला. तसला गुलाबी रंग त्या मुलखात कोणाच्या बापानं पाह्यला नसंल. फेटा दिसला की खाली मी."

ठरलं. वरवर पाहता गंमतच होती. पण त्या रात्री जेवताना काकासाहेबांचा घास तोंडाशीच थांबला. दिवाळीपर्यंत. म्हणजे सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा, आखाड, पोळा, गणपती, दसरा. बाकड्यावर बसायचं आणि दुसऱ्यांच्या शेळ्या-मेंढ्यांच्या, मोटारींच्या आणि मूळव्याधीच्या गप्पा ऐकायच्या. शेती त्यांनी बटाईनं दिलेली होती, गुडघ्यांनी सायकल सोडवली होती. उरली होती ती जीभ.

"काय झालं हो, मीठ कमी पडलं का?" नंदाबाईंनी विचारलं.

"न्हाई. फेटा इस्त्रीला दे," काकासाहेब म्हणाले.

बेल्जियमला उतरले तेव्हा शहागडात लोक अंगणात पाणी मारून झोपत होते, आणि इथं तोंडातून वाफ निघत होती. महिना संपत आला त्या शनिवारी सकाळी कल्याणनं सगळ्यांना गाडीत घातलं. शर्यतीच्या डोंगराळ भागात एका शेतकऱ्याच्या घराची वरची खोली दोन दिवसांसाठी घेतली होती. डोंगर म्हणजे आपल्याकडच्या टेकाडाएवढेच, पण चढावर दगड बसवलेले. काकासाहेबांनी ते दगड बुटानं दाबून पाहिले आणि गुपचूप बूट मागं घेतला.

नंदाबाईंनी येताना ज्वारीचं पीठ आणलं होतं. संध्याकाळी त्यांनी त्या खोलीतल्या चुलाण्याएवढ्या स्वयंपाकघरात उद्यासाठी धपाटे लावायला घेतले आणि ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या. मिरच्यांचा ठसका वर गेला, आणि छताला चिकटवलेली एक पांढरी डबी अशी ठणाणा करू लागली की काकासाहेब आतल्या खोलीतून फेटा डोक्यावर दाबत धावत आले.

"सुरू झाली का?"

"शर्यत उद्या आहे आजोबा," राजनंदिनी खुर्चीवर चढून डबीला पुठ्ठ्यानं वारा घालत म्हणाली. "हा धुराचा अलार्म आहे."

खालून घरमालक शेतकरी धावत आला. शिंकत आला, शिंकत उभा राहिला. नंदाबाईंनी त्याच्या हातात एक गरम धपाटं ठेवलं. तो शिंकतच खाऊन गेला, आणि थोड्या वेळानं ताटली घेऊन परत आला.

रविवार उजाडला. काकासाहेबांनी आरशासमोर उभं राहून फेटा बांधला. असा बांधला की तुरा मोरासारखा उभा. पण घराबाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्यानं तो पहिल्या झटक्यात उचलला. कल्याण कुंपणापर्यंत पळाला. दुसऱ्यांदा बांधला, गाईंच्या गोठ्यापर्यंत. तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या बाईनं पकडून आणून दिला.

"पुरे आता," नंदाबाई म्हणाल्या. "नाकातून पाणी यायलंय तुमच्या. माकडटोपी घाला."

"अगं, माकडटोपीत मला कोण ओळखंल?"

"कोणाला ओळखायचंय हितं तुम्हाला? गप घाला."

पैजेची गोष्ट काकासाहेबांनी बायकोला सांगितलेली नव्हती. त्यांनी माकडटोपी घातली, वरून कल्याणचं ढगळं काळं जाकीट घातलं, आणि आरशात पाहिलं तर शहागडातलं काहीच शिल्लक नव्हतं. फेट्याची घडी नंदाबाईंनी पिशवीत घातली. पिशवी जुन्या जालन्यातल्या कापडदुकानाचीच, फेट्याबरोबर आलेली, पांढरी, लांब बंदांची, वर लाल अक्षरांत दुकानाचं नाव. तिच्यात फेटा, धपाट्यांचा पुडका, कागदात गुंडाळलेला ठेच्याचा गोळा.

"गाड्या जवळ आल्या की फेटा काढू अन् जल्दी घालू," काकासाहेबांनी मनाशी ठरवलं.

कल्याणनं जागा छान पाहिली होती. चढ संपून रस्ता जरा सपाट होतो तिथं. इथं शर्यतवाल्यांना खायला देतात, त्यानं समजावलं. प्रत्येक संघाची माणसं रस्त्याच्या कडेला पिशवी उंच धरून उभी राहतात. सायकलवाला चालत्या सायकलवरून पिशवीत हात अडकवतो, गळ्यात घालतो आणि पॅडल मारता मारता खातो.

नंदाबाईंना ते पटेना. "जेवायलाबी उतरू देत न्हाईत लेकरांना?"

"उतरले तर हरतील ना आई," तृप्ती म्हणाली.

"हरू दे की. जेवून हरावं."

शेजारी एका संघाचा निळ्या कपड्यातला दाढीवाला धिप्पाड माणूस पिशव्या घेऊन उभा होता. त्याच्या पिशव्या पांढऱ्या, लांब बंदांच्या. काकासाहेबांनी आपल्या पिशवीकडं पाहिलं, त्याच्या पिशवीकडं पाहिलं, आणि आपलं कापड जास्त जाड आहे याचं त्यांना समाधान वाटलं.

मग आकाशात हेलिकॉप्टर घरघरलं. लोक ओरडू लागले. कॅमेरेवाल्या मोटारसायकली आल्या आणि त्यांच्यामागं सायकलींचा असा लोंढा आला की काकासाहेब एक पाऊल मागं सरले. रंगांची एक भिंतच्या भिंत सरकत यावी तशी ती पोरं आली आणि गेली. वाऱ्याचा फटका तेवढा गालावर राहिला. आयुष्यभर वेगाच्या गोष्टी सांगितल्या, पण वेग असा अंगावरून पहिल्यांदाच गेला.

भानावर आले तेव्हा फेटा पिशवीतच होता.

"गेले काय रे समदे?"

"बहुतेक गेले आप्पा. एखादा मागं राहिला असंल."

इतक्यात चढावरून अजून एक कॅमेरेवाली मोटारसायकल वळली. तिच्यामागं निळ्या कपड्यातला एक काटकुळा पोरगा, एकटाच. चाक पंक्चर होऊन मागं पडलेला, तोंडावर चिखल. ही शेवटची संधी. काकासाहेबांनी पिशवीत हात घातला, तर फेटा धपाट्यांच्या खाली. ओढला तर निघेना. कॅमेरा जवळ येत होता. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं ते आलं. फेटा नाही तर नाही, दुकानाचं नाव तरी वाचतील शहागडात. त्यांनी दोन्ही बंद धरून पिशवी डोक्याच्या वर उचलली आणि पुढं धरली.

तिकडं दाढीवाल्याच्या हातून त्याची पिशवी निसटून खाली पडली होती. निळ्या पोराला पुढं उंच धरलेली पांढरी पिशवी दिसली. त्यानं हात घातला आणि पिशवी गळ्यात अडकवून तो निघून गेला.

क्षणभर काकासाहेब रिकामे हात वर करून तसेच उभे. मग पळाले. डाव्या हातानं पँट धरली, उजवा हात डोक्यावर गरगर फिरवला, आणि शंकरपटात बैलांमागं पळतात तसे "हुर्र, हुर्र, हैक, हैक" करत त्या कॅमेऱ्याच्या मागं धावत सुटले. लोकांना वाटलं, म्हातारा त्या पोराला जोर देतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघंतिघं तर सोबत पळू लागले.

"आजोबा, थांबा," राजनंदिनी मागून ओरडत होती, "तो देईल परत."

पुढचं सगळ्या जगानं पाहिलं, ते काकासाहेबांनी नंतर कल्याणच्या मोबाइलवर पाहिलं. पोरगा भुकेजलेला होता. त्यानं पुडका उघडला, धपाटं काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि खाल्लं. चेहरा उजळला. मग त्यानं हिरवा गोळा काढला. गोड असेल असं वाटून त्यानं तो अख्खा तोंडात टाकला. त्याचे डोळे मोठे झाले. कान लाल झाले. पाण्याची बाटली रिकामी केली, काही उपयोग नाही. तेव्हा त्यानं तोंड उघडं ठेवलं आणि जीव खाऊन पॅडल मारायला सुरुवात केली. पुसायला काहीतरी हवं म्हणून पिशवीत हात घातला तर फेट्याचं टोक हाती आलं. ते ओढलं. अजून ओढलं. फेटा काही संपेना. वाऱ्यावर तो त्याच्यामागं असा लांबच लांब फडफडत निघाला की मागून येणाऱ्या गाडीला वेग कमी करावा लागला. हेलिकॉप्टरनं बाकीची शर्यत सोडली आणि त्या गुलाबी पट्ट्याच्या मागं लागलं. पोरानं तो कसाबसा गोळा केला, गळ्याभोवती गुंडाळला आणि एकामागून एक सायकली मागं टाकत चालला.

संध्याकाळी शर्यत संपली त्या गावात कल्याणनं त्या संघाची बस शोधून काढली. पोरगा बाहेर पायरीवर बसला होता, ओठ अजून सुजलेले. एकोणचाळिसावा आला होता. त्याच्यासाठी ते फार झालं, कारण पंक्चरनंतर तो सगळ्यांच्या मागं होता. राजनंदिनी तिथलीच भाषा बोलते. तिनं विचारलं आणि सांगितलं.

"तो म्हणतो, तोंडाची आग होत होती. वारा तोंडात घ्यायचा तर जोरात जाणं भाग होतं. जरा हळू झालो की परत आग."

नंदाबाईंनी कपाळाला हात लावला. "अख्खा गोळा खाल्ला? अरे लेकरा, बोटाला लावून खायचा असतो तो." आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं फेटा धुऊन परत द्यायची इच्छा सांगितली. काकासाहेबांनी तो तसाच घेतला, झटकला आणि त्याच्याच डोक्यावर बांधून दाखवला. आजूबाजूचे सगळे निळे कपडेवाले गोळा झाले. मजा झाली खरी.

पण काकासाहेबांचं अर्धं चित्त शहागडात होतं. खोलीवर येऊन त्यांनी पप्पूला फोन लावला.

"काका, फेटा दिसला," पप्पू म्हणाला. "हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. पण फेट्याखाली तुम्ही न्हाई, कोणी गोरा पोरगा होता. एक माकडटोपीवालं येडं मागं पळू राह्यल्तं, तेबी दिसलं. तुम्ही कुठं होते?"

"चाचा काय म्हणले?"

"काहीच न्हाई. चहा अर्धा टाकून उठले अन् गेले."

काकासाहेबांनी फोन ठेवला. तेव्हा कुठं त्यांनी नंदाबाईंना पैजेची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, हसता हसता खाटेवर बसल्या, आणि म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत घरात तरी बोलाल का न्हाई?"

शहागडात परतल्यावर काकासाहेब दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी पाय आपोआप निघाले. त्यांनी एकच ठरवलं होतं. आपण हरलो, तर हरल्यासारखं बसायचं. तोंड उघडायचं नाही. आणि कधी बोलायची पाळी आलीच, तर एकदा तरी जसं घडलं तसं सांगायचं.

बाकड्याभोवती गर्दी होती. काकासाहेबांना वाटलं, कोणाची गाडी ठोकली की काय. पण आतून सिराजभाईंचा आवाज येत होता.

"...अन् त्या हिरव्या गोळ्यात असा जोर होता मियाँ, पोराची सायकल जमिनीवरून हातभर वर. टीव्हीत दिसलं न्हाई कारण हेलिकॉप्टर वरून बघत होतं. पहिला आला. तिथला राजा स्वतः उतरून आला. म्हणला, हा गुलाबी कपडा कुठला? पोरगा म्हणला, जालना जिल्हा."

काकासाहेब गर्दीच्या मागं गपगार उभे राहिले. पप्पूची नजर गेली. "काका आले. सरका, बसू द्या काकाला."

ते बसले. पप्पूनं चहा दिला, त्यांनी तोंड उघडलं, चहा प्यायले, तोंड मिटलं.

"काका, चाचा चार दिवसांपासून रोज सांगू राह्यले," पप्पू म्हणाला. "रोज राजा थोडा उंच होतो. खरं काय ते तुम्ही सांगा."

काकासाहेबांनी नकाराची मान हलवली आणि बोटानं ओठ दाखवले.

"बोला की," सिराजभाई म्हणाले.

मान पुन्हा हलली.

"अहो, बोला. हरले कुठं तुम्ही? डाव्या हातानं पँट धरून, उजवा हात गरगरा फिरवत पळणारा माणूस ह्या दुनियेत एकच हाय. तुम्हाला बैलांमागं पळताना मी लहानपणापासून बघत आलो. टोपी काय, बुरखा घातला असता तरी ओळखलं असतं. तुम्ही टीव्हीत बराबर दिसले."

काकासाहेबांचं दिवाळीपर्यंत मिटलेलं तोंड एकदम उघडलं. "मंग त्याच टायमाला का न्हाई बोलले? आठवडाभर माझा जीव टांगणीला लावून ठेवला."

सिराजभाईंनी पाना उचलला, एका फडक्यानं विनाकारण पुसला. "तेव्हाच बोललो असतो तर तुम्ही फोनवरून सगळ्यांना सांगून मोकळे झाले असते. मला चार दिवस तरी सांगू द्या की. तुम्ही असले म्हंजे माझं कोण ऐकतंय?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, सिराजभाई सोडून. ते पान्याकडं बघत होते आणि कान लाल झाले होते. बोलल्याप्रमाणे ते बाकड्यावर चढले आणि काकासाहेबांच्या आजवरच्या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत, पुलावरच्या चाकांसकट, असं हायवेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगून खाली उतरले. एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

"ते राहू द्या," गर्दीतला एक जण म्हणाला. "आता काकाच सांगतील. काय काका, तो पोरगा खरंच पहिला आला का?"

एकोणचाळिसावा, हा शब्द काकासाहेबांच्या जिभेवर आला. अगदी टोकाला येऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याजवळ अशी गोष्ट होती जिला मीठ लावायची गरज नव्हती. त्यांनी सिराजभाईंकडं पाहिलं. सिराजभाई पाना पुसायचे थांबले होते.

"पहिला?" काकासाहेब म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला, बाकड्यावर सरकून सिराजभाईंना शेजारी जागा केली. "पहिला तर आलाच. पण राजाचं चाचांनी अर्धंच सांगितलं. तो माझ्याकडं आला अन् म्हणला, काकासाहेब..."

"थांबा," सिराजभाई शेजारी बसत म्हणाले, "आधी राणीचं येऊ द्या."